चौथं लिंबू

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे तोच तोंडघशी पडतो.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून एका गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. दहा फूट रुंद, तीस फूट खोल, पूर्वेला शटर आणि मागे ओलसर भिंत. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि बाबा. बाबा टर्नर. पंपाचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुल्या, अकोटच्या जिनिंगमधून येणारे झिजलेले रूळ, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आई माझ्या जन्माच्या आधीपासून हातगाडीवर भाजी विकायची. तिचं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं, बागाईतदार. तिकडून माल यायचा आणि ती गल्लीगल्लीत फिरवायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा गाडी सुटली, पण सकाळी उठून कुठंतरी जायची सवय काही सुटली नाही. मग ती वर्कशॉपमध्ये येऊन बसायला लागली. मेथी निवडत, आम्हाला चहा करून देत, आणि आम्ही काय करतो ते बघत.

बाबांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काढता येत नाही, फक्त थोपवायचा, आणि तोही थोपवला जाईलच असं नाही. डॉक्टरांसमोर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "लेथ चालवू शकतो ना मी?" डॉक्टर भला माणूस. म्हणाला, भरपूर उजेडात, जपून, आणि जोवर दिसतंय तोवर चालवा.

जोवर दिसतंय तोवर. हे तीन शब्द मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत चावत होते. बाबांना घरी बसवून टीव्हीसमोर ठेवायचं म्हणजे चालती मशीन भंगारात घालण्यासारखं होतं, आणि मी ते होऊ देणार नव्हते. त्यांचा एक दिवससुद्धा कमी होता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं.

पण आमची लेथ होती एकदम मागे, अंधाऱ्या भिंतीला. दिवे लावून पाहिले. दोन लावले, चार लावले. दिव्याचा उजेड तासलेल्या लोखंडावर पडून सरळ बाबांच्या डोळ्यात शिरायचा. ते डोळे मिटून घ्यायचे आणि अंदाजानं टूल पुढे न्यायचे. शटरपाशी मात्र दिवसाचा उजेड कसा मऊ, सगळीकडून सारखा पडतो. तिथं त्यांना मोजपट्टीवरच्या रेघा बिनचूक दिसायच्या. म्हणजे लेथ उजेडात आणायला हवी होती. कायमची तिथं ठेवता येत नव्हती, कारण ती तोंडाशी उभी राहिली तर शटर खाली येत नाही. रोज सकाळी बाहेर, रोज संध्याकाळी आत. आठशे किलोची लेथ!

"बसवलेली मशीन उठवू नये," बाबा म्हणाले. "नारळ फोडून बसवली हाय ते."

"मग पुन्हा नारळ फोडू. मी चाकं लावते तिले."

"लेथले चाकं? बाप्पा! लोकं हासतीन ना वं."

"हासू द्या. त्यायच्या बापाचं काय जाते?"

जोरात बोललं की बाबा ऐकतात. हा गुण त्यांनी माझ्यात घातला आणि आता तेच भोगतात.

मी हिशोब केला. मशीन आठशे किलो, खाली चॅनेलची फ्रेम ऐंशीएक किलो. चाकं चार. चारनं भागलं की दोनशेवीस येतात. मी प्रत्येकी अडीचशे किलो पेलणारी चाकं मागवली आणि वर शिल्लक राहिली म्हणून खूश झाले. चार इंची, पांढरीशुभ्र नायलॉनची, चारही सगळीकडे फिरणारी आणि चारही ब्रेकवाली. दिसायला इतकी गोजिरी की बाबांनीसुद्धा एक हातात घेऊन फिरवून पाहिलं. वेल्डिंग मीच केलं. सब्बल लावून, खाली पाइप सरकवून, शेजारच्या दुकानातले चार जण बोलावून आम्ही मशीन त्या फ्रेमवर चढवली. लेथ चाकांवर उभी राहून कापायला लागली तर थरथरते, एवढं मला डिप्लोम्यात शिकवलं होतं. म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यांत पेचाचे चार पाय केले. मशीन जागेवर आणायची, पाय खाली फिरवायचे, चाकं अधांतरी करायची, मग काम. तेवढं मात्र माझं बरोबर होतं, आणि ते मी अजून सांगत फिरते.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मशीनची पूजा तर दरवर्षीच असते, झेंडूचा हार, हळदकुंकू, विड्याचं पान. पण यंदा बाबांनी नवीनच काढलं.

"चाकं लागले म्हंजे गाडी झाली," ते म्हणाले. "आन् गाडी झाली म्हंजे लिंबू आलेच."

नवी गाडी घेतली की चाकांखाली लिंबं ठेवून वरून नेतात, तसं. मी कपाळावर हात मारला. आईनं मात्र गंभीरपणे चार लिंबं निवडून आणली. भाजीवाली ती, चारही एका मापाची. प्रत्येक चाकापुढे एकेक ठेवलं. गल्लीतले पाच-सहा जण कौतुकानं येऊन उभे राहिले. बाबांनी नारळ फोडला, करवंटीचे तुकडे पायानं बाजूला सारले, आणि आम्ही ढकललं.

फच्च, फच्च, फच्च. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीन हातभर पुढे आली आणि चौथं लिंबू, मोरीकडच्या कोपऱ्यातलं, आख्खंच्या आख्खं घरंगळत शटरपर्यंत गेलं.

"वाचलं लेकाचं!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसले. पेढे वाटले, माणसं गेली.

आई हसली नव्हती. तिनं ते लिंबू उचललं, चहूकडून फिरवून पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवत, "अय माय" करत खाली बसली, पूजेतलं विड्याचं पान घेतलं आणि त्या कोपऱ्यातल्या चाकाखाली सरकवलं. पान इकडून गेलं आणि तिकडून निघालं.

"हे चाक टेकलंच नाही," ती म्हणाली. "तीन लिंबं फुटले, हे काहून नाही फुटलं? याच्यावर वजनच नाही."

"फरशी खोलगट आहे तिथं. काही होत नाही."

"फरशी कुठंबी खोलगटच असते बाई. माह्या गाडीले चार चाकं होते, पण रस्त्यावर तीनच काम करत. चौथं नुसतं संगं फिरे. चौघायचं ओझं तिघायवर पडून राहिलं ना हे."

तेव्हा मी जे बोलले ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, "आई, मी हिशोब करून आणले चाकं. तू आपला सांभार पाह्य."

सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ते लिंबू आईनं देवळीत ठेवलं आणि मेथीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नवीनच खूळ काढलं. घरून तिच्या हातगाडीचा लाकडी गुटका घेऊन आली. उतारावर गाडी थांबवताना चाकाला लावायचा असतो तो, तेलकट, एका बाजूनं झिजलेला. आम्ही मशीन बाहेर काढायला किंवा आत न्यायला लागलो की ती हेडस्टॉकच्या बाजूनं, म्हणजे लेथचं जड डोकं जिकडे असतं तिकडून, मशीनसोबत चालायची आणि तो गुटका पायानं फ्रेमखाली पुढे पुढे सारत राहायची. वाटेत तिचा अडथळा व्हायचा. मी दात ओठ खाल्ले. बाबा म्हणाले, "राहू दे, तिले करमत नाही म्हून करून राहिली."

पाचव्या दिवशी संध्याकाळी मशीन आत नेत होतो. मी मागून ढकलत होते. बाबा हेडस्टॉकवर हात ठेवून बाजूनं चालत होते. डोळे अधू झाल्यापासून त्यांना तीच सवय लागली होती, मशीनला हात लावून चालायची. खाली बघून उपयोग नव्हता, कारण त्यांना बाजूचं आणि खालचं दिसणं आधी गेलं होतं. कुठून आला कोण जाणे, नारळाच्या करवंटीचा एक तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, पाच दिवस झाडूतून वाचलेला. पुढचं चाक त्यावर गेलं आणि अडलं. चार इंचाचं कडक चाक, ते तेवढ्यावरून चढेना. मी चिडले आणि अंग टाकून ढकललं. चारही चाकं मोकळी फिरणारी, त्यामुळे मशीननं शेपूट झटकलं, सगळा भार त्या एका चाकावर आला, आणि कड्डकन आवाज होऊन चाकाचा काटा वाकून चाक बाहेर निसटलं.

आठशे किलो बाबांच्या बाजूला खाली आले.

आणि दोन इंचावर थांबले. गुटक्यावर.

धाडकन आवाज झाला तशी धूळ उडाली. बाबांच्या चपलेचं टोक फ्रेमखाली होतं, गुटक्याला टेकलेलं. त्यांनी पाय मागे घेतला, पाचही बोटं हलवून पाहिली आणि विचारलं, "मशीनले काही झालं का?"

मी खाली फरशीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले. आईनं बाबांना धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग मला दिलं. "सांगितलं होतं ना" हे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवशी नाही, आजतागायत नाही. मी तिच्या जागी असते तर गल्लीभर सांगितलं असतं.

माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. रात्री जेवताना मी ताटाकडे बघत म्हटलं, "उद्या अकोल्याले येतं का माह्यासंगं? तिथं चाकांचं मोठं दुकान आहे म्हणतात."

"येतो ना," आई म्हणाली. "पण तुह्या वर्कशॉपातला लोखंडाचा कीस घेऊन चाल थोडासा."

सकाळच्या एसटीनं गेलो. मूर्तिजापूर येईस्तोवर मी तिला चाकांचे प्रकार समजावत होते आणि ती खिडकीतून लोकांच्या शेतातला कांदा बघत होती. दुकानात शिरलो तर मालकानं माझ्या मागे पाहिलं. "साहेब कुठी हायेत?"

"साहेब मीच," मी म्हटलं. "चाकं दाखवा."

त्यानं मुकाट्यानं दाखवायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर माणूस जाणता होता. वजन किती, फरशी कशी, दिवसातून किती वेळा हलवता, सगळं विचारलं. पण आईचं वेगळंच चाललं होतं. तिनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली, त्यातला कीस दुकानाच्या फरशीवर पसरला आणि एकेक चाक घेऊन, दोन्ही हातांनी दाबून, त्याच्यावरून फिरवायला लागली. मालक बघतच राहिला.

रबराचं चाक फिरवलं, उलटं करून दाखवलं. किसाचे काटे आत रुतून बसलेले. "हे आठ दिवसात खाऊन टाकीन." नायलॉनचं करकरलं आणि घसरलं. "हे तर आपलंच, याले घरची ओळख हाय." बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कीस चिरडत आरामात गेलं, पण खाली फरशीवर ओरखडा उठला. "आपल्या शहाबादीचे तुकडे करीन हे." शेवटी एक आलं, आत बीड आणि वरून रबरासारखाच पण कडक, तांबूस थर, मालक त्याला पीयू म्हणाला. त्यावर कीस चिकटला, पण आईनं अंगठ्यानं झटकला की गळून पडला. वळ होता, तोही बघताबघता बुजला.

"हे," ती म्हणाली. "पण मोठं पायजे. लहान चाकाले खडा म्हंजे डोंगर."

सहा इंची काढलं. तिनं ते कानाशी धरून फिरवलं, भोपळा वाजवून बघावा तसं, डोळे मिटून. दोन चाकं बाजूला ठेवली, त्यांत कुठंतरी खरखर होती म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, पण यावेळी मी तोंड बंद ठेवलं. मालकानं ती दोन्ही स्वतः फिरवून पाहिली आणि आत नेऊन बदलून आणली.

"आन् चारही फिरते नको," आई पुढे म्हणाली. "जड डोस्क्याखाली दोन सरळ चालनारे. फिरते फक्त ढकलायच्या बाजूले. नाही तं ते चार पोट्टे चार दिशेले पयतीन."

वजनाचा हिशोब मात्र मीच मांडला, पण आता तिच्या पद्धतीनं. चारनं भागायचं नाही, तीननं भागायचं. आणि लेथचं डोकं जड म्हणून त्या बाजूला आणखी धरायचं. शेवटी आम्ही घेतलं ते प्रत्येक चाक एकटं जवळजवळ अर्धी मशीन पेलणारं होतं. कागदावरचा आकडा मी आईला वाचून दाखवला. तिनं मान डोलावली. आयुष्यात कुठल्या परीक्षकानं मान डोलावल्यावर मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"माय, तुमी कोन्या कंपनीत होत्या?" मालकानं निघताना विचारलं.

"हातगाडीवर," आई म्हणाली.

नवी चाकं लावली आणि मशीन निघाली ती अशी निघाली, की बाबा "अरे! अरे!" करत राहिले. करवंटीचा तुकडा मी मुद्दाम टाकून पाहिला. चाक वरून गेलं आणि कळलंसुद्धा नाही. मोरीकडच्या कोपऱ्यात चाक आताही टेकत नाही. फरशी आहे तशीच आहे. पण आता उरलेल्या तिघांना त्याचं काही वाटत नाही.

मग दोन वर्षं बाबांनी काम केलं. दोन वर्षं! ज्या माणसाला जिना उतरताना पायरी दिसत नव्हती, तो उजेडात उभा राहून शाफ्टवर केसाएवढा फरक काढायचा. सकाळी मशीन बाहेर यायची, बाबा लेथच्या सपाट पाठीवर पाणसळ ठेवायचे, मी पेचाचे पाय फिरवायचे, बुडबुडा मध्ये आला की काम सुरू. पाय जिथं टेकायचे तिथं फरशीवर बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं खूण केली होती. सहा महिन्यांनी म्हणाले, अजून हातभर पुढे घेऊ. नवी खूण केली. मग आणखी हातभर. फरशीवर सगळं लिहिलेलं होतं. शेवटची खूण शटरच्या पट्टीला लागून आहे. त्याच्यापुढे गल्ली.

शेवटी शेवटी टूल मी धरायचे आणि बाबा शेजारी उभं राहून ऐकायचे. "बोथट झालं. घासून आण." "जास्त खाऊन राहिली, मागं घे." एकदाही चुकले नाहीत.

मागच्या थंडीत एका सकाळी मी ब्रेक सोडायला वाकले तर बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "आज राहू दे आतच. काऊन रोज ओढत बसतं? मले आता अंदर काय आन् बाहीर काय, सारखंच हाय."

म्हणजे गेलं होतं. उरलंसुरलं होतं ते कधीतरी त्या आठवड्यात गेलं होतं आणि त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मी तशीच वाकून राहिले. मला वर बघवेना. आम्ही ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते संपलं, असं मला वाटलं.

आईनं मेथी निवडायचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"तुमाले सारखं असन," ती म्हणाली. "लोकायले नाही. तुमी दिसले पायजे."

आणि पायानं ब्रेक वर केला.

बाबा उठले, हात पुढे करून चाचपडले, आणि हेडस्टॉक सापडला तसा त्यावर तळवा ठेवला. आई मागून ढकलत होती, मी पुढून धरून होते. मशीन निघाली तसे तेही निघाले, न अडखळता, सगळ्या खुणा ओलांडत. आईनं निवडलेल्या त्या चाकांनी माझ्या बापाला हाताला धरून शटरपाशी आणून उभं केलं.

गल्लीतून जाणाऱ्या कोणीतरी हाक मारली, "काय मिस्त्री, बरं हाय ना?"

"हाय ना," बाबा म्हणाले. त्यांनी तोंड वर केलं. "ऊन पडलं वाटते. चालू कर बाई."